आधारापुरते

दांडिया बाजारातल्या त्या घराचा जिना सतरा पायऱ्यांचा, लाकडी आणि चांगलाच उभा आहे. गायकवाडांच्या कारकिर्दीत बडोद्यास येऊन स्थिरावलेल्या अनेक मराठी कुटुंबांची घरे अशीच होती. खाली दुकानाचा गाळा, वर राहण्याची जागा, आणि दोहोंना जोडणारा, जागा वाचवता वाचवता जवळजवळ शिडी होऊन बसलेला जिना. या जिन्याबद्दल तीन पिढ्यांत कोणी फारसे बोलले नव्हते. अप्पांच्या आजोबांना शेवटच्या आजारात चौघांनी खुर्चीत बसवून खाली आणले, तेव्हा काय तो त्याचा उल्लेख झाला असेल. अलीकडे मात्र रोज सकाळी मोत्या वरच्या पायरीपाशी येऊन उभा राहतो, खाली पाहतो आणि पाहतच राहतो.

मोत्याचे वय तेरा. वजन एकतीस किलो. त्याच्या अंगात लॅब्रॅडॉर किती आणि गल्ली किती, याचा हिशेब कधी लागला नाही. पण रुंद छाती आणि खाण्यावरचे अढळ प्रेम पहिल्याकडून आले असावे, आणि अनोळखी माणसाविषयीचा संशय दुसऱ्याकडून. दोन वर्षांपूर्वी तो पलंगावर उडी मारीनासा झाला, तेव्हा घरच्यांना ते शहाणपण वाटले. मग तो झोपेतून उठताना पुढचे पाय रोवून मागचे धड ओढून घेऊ लागला. पावसाळ्यात सकाळची पहिली दहा पावले लाकडी बाहुल्यासारखी पडू लागली. गुळगुळीत फरशीवर त्याचे मागचे पाय फाकू लागले, तेव्हा माईंनी स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत गोणपाटाची वाट अंथरली. प्राणी आपले दुखणे बोलत नाहीत, असे म्हणण्याची रीत आहे. मोत्या वर्षभर बोलत होता. ऐकणाऱ्यांनी त्याचा अर्थ ‘म्हातारपण’ असा लावून विषय मिटवला होता, इतकेच.

पशुवैद्य बाईंनी क्ष-किरणांची फिल्म उजेडासमोर धरली आणि खुब्याचा सांधा दाखवला. वाटी मुळातच उथळ, त्यामुळे मांडीच्या हाडाचा गोल तीत कधीच नीट बसलेला नव्हता. तेरा वर्षांच्या घसटीने कूर्चा झिजली होती आणि सांध्याच्या कडेने हाडाचे नवे खरबरीत कोंब फुटले होते. कुत्र्यांमध्ये सांध्यांची झीज पुष्कळदा अशीच, आधीच्या एखाद्या दोषाच्या पाठोपाठ येते. ती मागे फिरत नाही. वजन उतरवावे, नखे वाढू देऊ नयेत, थोडे थोडे पण रोज चालवावे, वेदनेवरचे औषध मोजून आणि रक्त तपासून द्यावे, असा एकंदर उपचार. माईंनी संकोचत विचारले, की त्यांच्या स्वतःच्या गुडघ्यांसाठी असलेली गोळी अर्धी करून दिली तर? बाईंचा स्वर एकदम कडक झाला. माणसांच्या घरात सहज सापडणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांपैकी कितीतरी कुत्र्याच्या जठराला व्रण पाडतात आणि मूत्रपिंडे निकामी करतात. एका देहाचा आराम दुसऱ्या देहात विष होतो, हे या देशाने मोठ्या प्रमाणावर पाहिलेही आहे. गुराढोरांच्या दुखण्यावर दिलेल्या डायक्लोफिनॅकने मेलेल्या जनावरांचे मांस खाणारी गिधाडे लक्षावधींनी संपली, आणि २००६ मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, तोवर आकाश बरेचसे रिकामे झाले होते. माईंनी गोळीचा विषय पुन्हा काढला नाही.

औषधाने वेदना उतरली, पण जिना उरला. मोत्याला खालच्या गाळ्यात ठेवावे, अशी एक सूचना आली होती. दोन रात्री तसे करून पाहिले. तो भुंकला नाही, रडलाही नाही, फक्त जिन्याच्या पहिल्या पायरीवर हनुवटी टेकून जागा राहिला. तिसऱ्या रात्री माईच म्हणाल्या, ‘अहो, आणा त्याला वर.’ पण आणायचे कसे? अप्पांचे वय चौऱ्याहत्तर. हर्नियाची शस्त्रक्रिया झालेली. जड उचलायचे नाही, असे त्यांना बजावलेले. माईंचे गुडघे मोत्याच्या खुब्यांच्याच वर्गातले.

पहिला उपाय घरातलाच होता. जुन्या सुती चादरीची चौपदरी पट्टी करून ती पोटाखालून घ्यायची, दोन्ही टोके पाठीवर एकत्र धरायची आणि मागचे धड तोलायचे. शस्त्रक्रियेनंतर चार-आठ दिवस आधार द्यायला हा उपाय उत्तमच. वैद्यही तो सांगतात. पण कायमच्या वापराला त्याचे दोष दोन दिवसांत दिसले. पट्टी जिन्यावर सरकून बरगड्यांपाशी जाई आणि जिथे आधार हवा ते खुबे तसेच लोंबत राहत. ती मागेच घट्ट धरून ठेवावी तर मूत्राशयावर दाब येई. शिवाय मोत्या नर. नराच्या पोटाखालची ती जागा झाकली गेली की खाली पोचल्यावर जे व्हायचे ते चादरीतच होई. आयुष्यभर घर न घाण केलेला तो कुत्रा त्या ओल्या कापडाकडे पाहून मान खाली घाली. त्याला कोणी रागावले नव्हते.

मराठीत जनावरांसाठी किती दोर आणि पट्टे आहेत! दावे, कासरा, वेसण, म्होरकी, लगाम, मुसके, लोढणे, गळपट्टा, साखळी. सारे धरून ठेवण्याचे, वळवण्याचे, थांबवण्याचे किंवा तोंड बंद करण्याचे. उचलण्याचे शब्द पाहू गेले तर ते माणसांकडचे निघतात. पाळणा, डोली, झोळी, कावड. डोंगरातल्या पाड्यांवर जिथे रस्ता पोचत नाही तिथे आजही आजारी माणसाला घोंगडीची झोळी करून, तिला बांबू घालून दोघे-चौघे खाली आणतात. दुष्काळात ‘बसलेल्या’ बैलाला पोटाखालून बांबू घालून गाव उठवते, हे खेड्यात वाढलेल्यांनी पाहिलेले असते. पण त्या बांबूला वेगळे नाव नसते, तो जनावर उभे राहिले की पुन्हा छपराला जातो. म्हाताऱ्या कुत्र्याला उचलण्याच्या पट्ट्याला मराठीत शब्द नाही, याचे कारण त्याची गरज आजवर कोणाला वाटली नाही. गावातला कुत्रा म्हातारा होण्याआधीच बहुधा संपतो. घरात बारा-चौदा वर्षे जगलेला, लस टोचलेला, वेळेवर जेवलेला कुत्रा आणि त्याचे झिजलेले सांधे, दोन्ही तशी नवीनच आहेत. तेव्हा ‘हार्नेस’ हा शब्द इंग्रजीतून आला, आणि अप्पांच्या घरात त्याचा लगोलग ‘झोळी’ झाला.

अप्पांची सारी नोकरी प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यात गेली. अरुंद मार्गावरचे डबे आणि इंजिने उचलून त्यांची चाके काढणे, बसवणे, हे त्यांनी वर्षानुवर्षे पाहिले आणि करवून घेतले. ओझे उचलण्याच्या शास्त्रात त्यांना कोणी शिकवण्यासारखे फार उरलेले नव्हते. ते मोत्याला लावून पाहायला मात्र चादरीचा तो प्रसंग घडावा लागला. एकाच जागी सलिंग घातली की ओझे कलते. दोन जागी घालायची तर गुरुत्वमध्य दोहोंच्या मध्ये आला पाहिजे. दोर जिथे कडेवर वळतो तिथे मऊ काहीतरी हवे, नाहीतर दोर तरी तुटतो किंवा ओझ्याला तरी खोक पडते. आणि उचलणाऱ्या माणसाला ओझे दिसत असले पाहिजे.

उभ्या कुत्र्याच्या वजनाचा सुमारे साठ टक्के भार पुढच्या पायांवर असतो आणि चाळीस टक्के मागच्या, हे पशुवैद्य बाईंनी बोलता बोलता सांगितले होते. घरी येऊन अप्पांनी वर्तमानपत्राच्या कडेला हिशेब मांडला. एकतीस किलोंपैकी मागचा भार साडेबारा किलोंच्या आत-बाहेर. खुब्यांना निम्मा काम करू द्यायचे, कारण स्नायू वापरले नाहीत तर ते विरघळत जातात. म्हणजे हातात यायचे ते सहा-सव्वासहा किलो. पाण्याच्या अर्ध्या बादलीएवढे. अप्पा बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत होते. एकतीस किलो उचलण्याच्या भीतीने महिनाभर ज्या घरात झोप नव्हती, तिथे प्रश्न अर्ध्या बादलीचा निघाला.

त्यांनी मग मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन घोड्यांविषयीचे एक जुने इंग्रजी पुस्तक काढून पाहिले. शिडांच्या जहाजांपासून पहिल्या महायुद्धापर्यंत घोडे बोटीवर चढवले जात ते पोटाखाली घातलेल्या जाड कापडी झोळीने. पण त्या झोळीला छातीवरून एक पट्टा आणि मांड्यांमागून एक पट्टा असे, म्हणजे घोडा पुढे किंवा मागे निसटत नसे. शंभर वर्षांपूर्वीच्या खलाश्यांना जे कळले होते ते चादरीला कळत नव्हते, असे अप्पा घरी येऊन म्हणाले. बंगळुरात असलेल्या मुलीने हे ऐकले आणि दुसऱ्याच दिवशी पार्सल मागवले.

पार्सलात आलेली वस्तू विजारीसारखी होती. मागचे दोन पाय दोन भोकांतून घालायचे, वर पाठीवर बंद आवळायचे आणि मूठ धरायची. भार पोटावर न येता ओटीपोटाच्या हाडावर येतो, नरासाठी पुढे कापही दिलेला होता. कल्पना चुकीची नव्हती. पण प्रत्येक वेळी पाय वाकवून भोकात घालायचा म्हणजे जो सांधा वाकत नाही तोच वाकवायचा. दिवसातून चार वेळा. मोत्याने पहिल्या दिवशी सहन केले, दुसऱ्या दिवशी कण्हला आणि तिसऱ्या दिवशी ती वस्तू खुंटीवरून निघताना दिसली की पलंगाखाली जाऊ लागला, जिथून त्याला काढणे हे आणखी एक उचलणे होऊन बसले. आतल्या जाड रबरी अस्तराने जांघेत लाली आली. वैशाखात बडोद्याचा पारा चाळीसच्या पुढे असतो. कुत्र्याला घाम येतो तो तळव्यांना, बाकीची उष्णता तो जीभ काढून धापेने टाकतो. थंड देशांतल्या कुत्र्यासाठी शिवलेले ते उबदार अस्तर इथे पोळतच होते.

दुसऱ्या पार्सलातली झोळी अंगभर होती. छातीचा एक भाग, कमरेचा एक भाग, दोहोंना जोडणारी पाठीवरची पट्टी आणि दोन मुठी. बंद बगलेतून उघडत होते, त्यामुळे पाय वाकवण्याचे काम नव्हते. अप्पांना पाहताक्षणी ती पटली, कारण ओझे दोन जागी धरले जात होते. जिना उतरताना सारे वजन पुढे येते. अशा वेळी फक्त मागची मूठ उचलली तर कुत्रा पुढच्या पायांवर लोटला जातो, आणि मागच्या दुखण्याने वर्षभर जादा काम केलेले ते कोपर आणि खांदे आधीच शिणलेले असतात. चढताना उलट. तिथे रेटा मागच्या पायांचा लागतो, तिथे मागचीच मूठ हवी. सारे बरोबर होते. फक्त ती मोत्याला बसत नव्हती. मुलीने तक्त्यात वजन पाहून माप मागवले होते. पण संधिवाताचा म्हातारा कुत्रा वजनाच्या तक्त्यात मावत नाही. त्याची छाती आणि खांदे भरतात, मांड्या वाळतात. पुढून झोळी काखेत रुतली आणि मागून ती सैल पडून बाजूला फिरली. परत करावी तर वापरलेली वस्तू घेणार नाही, असे विकणाऱ्याने कळवले.

तेव्हा अप्पांनी जे सुरुवातीलाच करायला हवे होते ते केले. शिंप्याची फीत घेऊन मोत्याला उभे केले. पुढच्या पायांच्या मागे छातीचा घेर अठ्ठ्याहत्तर सेंटिमीटर. मागच्या पायांपुढे कमरेचा घेर सत्तावन्न. मानेच्या मुळापासून शेपटीच्या मुळापर्यंत पाठ एकाहत्तर. शिवाय एक माप जे कोणत्याही तक्त्यात नव्हते. मोत्याच्या पाठीपासून ताठ उभ्या असलेल्या अप्पांच्या मुठीपर्यंतचे अंतर. मूठ पाठीलगत असली तर उचलणारा वाकतो, आणि वाकून उचलले की हर्निया आठवण करून देतो. उचलणाऱ्याची कंबर हीही झोळीच्या मापात धरावी लागते.

सुरसागराच्या बाजूला एक चर्मकार झाडाखाली बसतो. अप्पांच्या चपला त्याच्याकडेच दुरुस्त होतात. त्याने ती झोळी उलटसुलट करून पाहिली आणि ‘कूतरा माटे?’ असे विचारले. हसला नाही. कुत्रा पाहिल्याशिवाय हात लावणार नाही, असे म्हणाला, आणि दुपारी दुकान शेजाऱ्याच्या भरवशावर टाकून सतरा पायऱ्या चढून आला. त्याने फीत वापरली नाही. दोन बोटे पट्ट्याखाली घालून सगळीकडून फिरवली; जिथे ती अडकली तिथे खडूने खूण केली, जिथे सैल फिरली तिथे दुसरी. काखेतला भाग कापून मागे घेतला. रबरी अस्तर उसवून टाकले आणि त्या जागी धुऊन वाळणारे दुहेरी सुती कापड घातले, खाली पलंगाची नवार. मागच्या भागाला मांड्यांमागून जाणारा एक रुंद पट्टा जोडला. घोड्याच्या खोगिराला असतो तसा, असे तो म्हणाला. त्याच्या वडिलांनी टांग्यांचे सामान शिवले होते. मुठींना चामड्याच्या लांब वाद्या लावल्या आणि त्यांना बक्कल दिले, म्हणजे माई उचलतील तेव्हा आखूड करता येतील. मेहनताना त्याने सांगितला तो फार कमी होता. अप्पांनी थोडा अधिक दिला आणि त्याने तो घेतला.

त्या दिवशी रात्री माईंनी जो प्रश्न विचारला तो महिनाभर त्या घरात फिरत होता, फक्त कोणी त्याला बसायला सांगितले नव्हते. ‘अहो, हे सगळं त्याच्यासाठी चाललंय की आपल्यासाठी?’ अप्पा बोलले नाहीत. माई रोज संध्याकाळी महाभारताचे एक पान वाचतात. त्यात आरंभीच जनमेजयाच्या भावांनी विनाकारण मारलेले सरमेचे पिल्लू आहे, आणि अखेरीस स्वर्गाच्या दारात युधिष्ठिराबरोबर उभा असलेला कुत्रा. ‘धर्मराजाचा कुत्रा शेवटपर्यंत आपल्या पायांनी चालत गेला,’ माई म्हणाल्या, ‘त्याला कोणी झोळीत घालून नाही नेला. पायांनीच गेला म्हणून सोडू नये असं म्हणायला सोपं होतं.’ होमरच्या काव्यातला आर्गोस वीस वर्षांनी परतलेल्या धन्याला ओळखतो, शेपटी हलवतो, पण उकिरड्यावरून उठून त्याच्याजवळ जाण्याचे बळ त्याच्यात नसते; ओडिसियस कोणाला न दिसेल असे डोळे पुसून पुढे जातो. महाकाव्यांना म्हाताऱ्या कुत्र्याचे मोल कळले होते, पण त्याला रोज सकाळी खाली नेण्याचे काम त्यांच्या वाट्याला आले नाही.

पशुवैद्य बाईंनी या प्रश्नाला बगल दिली नाही. झोळी शरीर उचलते, वेदना उचलत नाही, असे त्या स्पष्ट म्हणाल्या. पाय एकाएकी लुळे पडले किंवा पंजा उलटा पडून घासू लागला तर ते सांध्याचे दुखणे नव्हे, मज्जेचे असू शकते. तसे दिसताच घेऊन यायचे. आणि आधार असूनही तो खाईनासा झाला, कोणी आले तरी मान उचलीनासा झाला, वाईट दिवस चांगल्या दिवसांहून अधिक होऊ लागले, तर मग झोळीत दोष शोधत बसायचे नाही. दिवसांची नोंद ठेवा, असे त्यांनी सांगितले. तेव्हापासून माईंच्या दिनदर्शिकेवर दुधाच्या हिशेबाशेजारी रोज एक खूण असते. बरा दिवस असेल तर टिंब, वाईट असेल तर फुली. त्या महिन्यात फुल्या सात होत्या. पुढच्या महिन्यात चार.

सकाळी साडेसहाला खुंटीवरून झोळी निघते. पहिले दोन दिवस ती नुसती पाठीवर ठेवून मोत्याला भाकरीचा तुकडा दिला होता, तिसऱ्या दिवशी बंद लावले होते, चौथ्या दिवशी घरातच गोणपाटावरून चालवले होते. त्यामुळे आता तो पलंगाखाली जात नाही. अप्पा एक पायरी खाली, बाजूने, कठड्याला कंबर टेकून उभे राहतात. दोन्ही वाद्या हातात. मोत्या पहिला पंजा ठेवतो. वाद्या ताणल्या जातात, पण तो अधांतरी होत नाही; त्याचा प्रत्येक पंजा प्रत्येक पायरीला लागतो, हे अप्पा पाहतात. नवव्या पायरीवर दोघेही थांबतात. थांबायचे कोणी ठरवले ते सांगता येत नाही. खाली गेल्यावर गाळ्यासमोरच्या खांबापाशी काम होते, कोपऱ्यापर्यंत फेरी होते, ओळखीचा दूधवाला मोत्याच्या डोक्यावर हात ठेवून जातो. वर आल्यावर झोळी लगेच काढायची, काखा आणि जांघा पाहायच्या, कापड ओले असेल तर वाळत घालायचे. दिवसभर अंगावर ठेवायची नाही. हा नियम माईंचा.

पावसाळा संपता संपता मागचा पट्टा पुन्हा सैल लागू लागला. मोत्याचे वजन दोन किलो उतरले होते, ते हवेच होते. पण मांड्याही अजून वाळल्या होत्या. अप्पा झोळी घेऊन सुरसागराकडे गेले आणि पट्ट्याला बक्कलासाठी आत एक भोक पाडून द्यायला सांगितले. चर्मकाराने पट्टा गुडघ्यावर घेतला, आरी लावली, भोक पाडले. मग अप्पांकडे न पाहताच त्याने बोटभर अंतर सोडून त्याच्या आत दुसरे पाडले, फुंकर मारून चामड्याचा कण उडवला आणि पैसे एकाच भोकाचे घेतले.